सतरा नंबरचा पट्टा

खडकवाडी, ता. आष्टी
१२ जानेवारी २००४

प्रिय डॉ. केशर,

सप्रेम नमस्कार. तू खुशाल असशील. आम्हीही दुष्काळात माणसं जितकी खुशाल असतात तितकी आहोत. टँकर एक दिवसाआड येतो, आणि आबांच्या मेंढ्या अजून आपल्या पायांवर उभ्या आहेत. तेलगावला घरी गेलीस की तुझ्या आईंना माझा नमस्कार सांग.

नावाआधी ‘डॉ.’ लिहिताना हात जरा अडखळला. बीडच्या वसतिगृहात मी तुला ‘केशे’ म्हणायचे आणि तू माझ्या वहीतून जीवशास्त्राच्या आकृत्या उतरवून घ्यायचीस. पण हे पत्र आमच्या दूध संस्थेच्या पाकिटातून दूध संघाच्या डॉक्टरांना जात आहे, तेव्हा मान ठेवायला हवा.

तू मागितलेली कुत्र्यांची यादी जोडली आहे. गाव आणि मेंढपाळांचे वाडे मिळून एकशे बासष्ट कुत्री भरली. त्यातली एकसष्ट लाल, नंबरच्या पट्ट्याची, म्हणजे गेली दोन्ही वर्षं रेबीजची लस टोचलेली. उरलेल्या एकशे एक कुत्र्यांना आजवर सुई लागलेली नाही. संघाकडून डोस मिळणार एकशे दहा. सभेत तू म्हणालीस तसंच करायचं ठरलं आहे. लाल पट्ट्याच्या कुत्र्यांना आता थेट तीन वर्षांनी, आणि यंदाचे डोस सगळे नव्या कुत्र्यांना.

मला हा निर्णय पटलेला नाही, हे तुला ठाऊक आहे. मी वीस मिनिटं कागद वाचला. दरवर्षी टोचलं म्हणजे लोकांच्या अंगवळणी पडतं. पोळा आला हे कुणाला सांगावं लागतं का? तीन वर्षांनी म्हटलं की चौथ्या वर्षी कुणाच्या लक्षात राहणार नाही. मी हे सांगत असताना बद्रीनाथकाकांनी तंबाखू मळायला घेतली. म्हाळूमामा म्हणाले, “मानसाला सालातून एकदा डाक्टर दिसंना, अन् कुत्र्याला दर साली सुई! आमाला बी पट्टे बांधा की मग.”

मग तू उठलीस. “म्हाळूमामा, भाकर रोज लागती. पर लगीन रोज करावं लागतंय का? एकदा नीट झालं, दुसऱ्यांदा पक्कं झालं, का मग तीन सालं बघायला नको.” लोक इतके हसले की आमचे चेअरमन विठ्ठलराव यांच्या हातातल्या बशीतला चहा धोतरावर सांडला. हसू ओसरायच्या आत तू पुढचं सांगूनही टाकलंस. टोचलेल्याला पुन्हा टोचत बसलो आणि बाकीची तशीच राहिली, तर रोग गावातून जात नाही.

हे मलाही माहीत होतं. मीही वाचलं होतं. पण मी ते कागदावरून वाचलं आणि तू म्हाळूमामांच्या डोळ्यात बघून सांगितलंस.

घरी आल्यावर आबा आईला म्हणाले, “लई हुशार हाय ती पोरगी. समद्यांस्नी हसवून आपलंच खरं करती.” मी तिथेच चुलीपुढे भाकरी थापत होते. आमच्या घरात पदवी मिळवलेलं पहिलं माणूस मी, आणि माझं भाषण कसं झालं हे आबांनी अजून विचारलेलं नाही.

असो. यादी मी पट्टे बघून केली आहे, तू सांगितलं होतंस तशी. दिवाळीच्या सुमारास लांडग्यांनी डोंगराकडच्या वाड्यांवर बराच उच्छाद मांडला होता, पण पट्टे एकसष्टच्या एकसष्ट जागेवर आहेत.

नियम तुझा आहे. यादीत माझ्याकडून कुचराई होणार नाही, एवढं समजून असावं.

आपली,
कु. सारजा धुळाजी महानवर
सचिव


खडकवाडी
२४ फेब्रुवारी २००४

प्रिय केशर,

तुझं पत्र पोचलं. तू सुखरूप पोचलीस आणि घोंगडी ‘फार उबदार’ आहे हे वाचून आनंद झाला.

लसीकरणाचा रविवार गावात अजून गाजतो आहे. एकशे एक कुत्री एका दिवसात, आणि चावलं एकही नाही. संस्थेच्या फ्रीजमधला बर्फ वीज नसताना दोन दिवस कसा टिकला, हे मात्र कुणी विचारलं नाही. मी त्याला पोत्यांत आणि भुशात गुंडाळून ठेवलं होतं आणि पहाटे उठून बघत होते. माझं काम नेहमी असंच असतं, नीट झालं की दिसत नाही.

आमच्या वाड्यावर तू आलीस तेव्हा ऊन कलतं होतं. आईने हुलग्याचं माडगं दिलं. तू दोनदा मागून प्यालीस. आई अजून सांगते, “डाक्टरीन असून नाक मुरडलं न्हाई पोरीनं.” मी रोज तेच पिते, माझ्या नाकाबद्दल कुणी बोलत नाही. मग आबा पालात गेले आणि घडी केलेली काळी घोंगडी घेऊन आले. ती तुझ्या खांद्यावर घालून म्हणाले, “बाई, आमच्या जितराबाची राखन केली तुमी. धनगराकडं देन्यासारखं हेच.”

ती लोकर कुठली होती, तुला माहीत नाही. माझ्या कावळी मेंढीची. ती जन्मली आणि तिची आई मेली. बाटलीने दूध पाजून मी तिला जगवली, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना. आईने सूत कातलं, सणगराने विणली, आणि तीन वर्षं ती घडी पेटीत होती. निकालाच्या दिवशी आबा काढतील असं मला वाटलं होतं. नंतर वाटलं, सचिव झाले त्या दिवशी काढतील.

बारावीला तुझ्यापेक्षा मला अकरा मार्क जास्त होते. त्या साली आई अंथरुणाला खिळली म्हणून मी परभणीला जनावरांच्या डॉक्टरकीला अर्जच केला नाही. हे कधी बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण घोंगडी उबदार आहे असं तू लिहिलंस, म्हणून लिहिलं गेलं.

रागावू नकोस. कामाचं काही असेल तर कळव.

सारजा

ता. क. सहज एक विचारायचं होतं. टोचलेल्या कुत्र्याला दुसरं बिनटोचलेलं भटकं कुत्रं चावलं, तर काही करावं लागतं का? चारा छावणीतलं एक कुत्रं परवा आमच्या मोतीला कानाला चावून गेलं. जखम लहान आहे. सतरा नंबरचा पट्टा आहे त्याला, तू पाहिलास. माहिती असावी म्हणून विचारते.


खडकवाडी
१८ एप्रिल २००४

केशे,

या पत्राला नमस्कार-चमत्कार नाही. आधी बातमी सांगते.

आमचा मोती बुधवारी मेला. पिसाळून. त्याआधी सोमवारी तो आबांना चावला. आबांना आष्टीच्या सरकारी दवाखान्यात पोटात इंजेक्शनं चालू आहेत. रोज एक, अशी चौदा. आज सहावं झालं.

माझ्या प्रश्नाला तू चार दिवसांत उत्तर पाठवलं होतंस. “कुत्र्याला लगेच पुन्हा एक डोस द्यावा लागेल, टोचलेलं असलं तरी. त्याला आष्टीला घेऊन ये, मी गुरुवारी तिथं आहे. आणि दीड महिना बांधून नजरेखाली ठेव.” ते पत्र मी तीनदा वाचलं आणि यादीच्या फाइलमध्ये खाली सरकवलं. मोतीला आणलं नाही. मागून कळवलं, जखम बरी झाली.

का आणलं नाही, ते आता लिहिते. तू त्याच्या तोंडात बघितलं असतंस. सात वर्षांच्या कुत्र्याच्या तोंडात पांढरेशुभ्र दात बघून तू मला विचारलं असतंस, “सारजा, हा कोणता मोती?”

तू उसाच्या गावातली. आमच्या वाड्यांवरची एक रीत तुला माहीत असायचं कारण नाही. राखणीचं कुत्रं मेलं की त्याला पुरायचं, पण पट्टा काढून घ्यायचा. नवं पिल्लू आणलं की तोच पट्टा त्याच्या गळ्यात आणि तेच नाव त्याला. वाड्याची राखण मोकळ्या गळ्याने करू नये म्हणतात. आमच्याकडे माझ्या जन्माआधीपासून मोती आहे. तू ज्याला दोन सुया दिल्या होत्यास तो मोती दिवाळीत लांडग्यांशी झुंजताना गेला. फेब्रुवारीत तू वाड्यावर पाहिलास तो आठ महिन्यांचा होता. अंगाने भरलेला, लांब बांधलेला, आणि गळ्यात सतरा नंबर.

मला हे यादी करतानाच माहीत होतं. फक्त आमच्या मोतीचं नव्हे. लांडगे आले त्या प्रत्येक वाड्यावर असंच झालं असणार, हे धनगराच्या मुलीला कळायला पदवी लागत नाही. सभेत मला हेच बोलायला हवं होतं, की आमच्याकडे कुत्रं मरतं, पण पट्टा मरत नाही. तीन वर्षांचा नियम लावायचा तर आधी कुत्री ओळखून घ्या. ते मला त्या वेळी सुचलं नाही. सुचलं ते यादी करताना, म्हाळूमामांच्या वाड्यावर. तेव्हा मी ठरवलं, तिने पट्टे बघायला सांगितलेत ना, मग पट्टेच बघायचे. कुठेतरी तुझा नियम थोडा फसावा, एखादा नंबर चुकावा, लोकांनी म्हणावं की सारजा म्हणत होती. कुणाला कुत्रं चावावं, कुणी मरावं, असं मनात नव्हतं. पण चुकलेला नंबर म्हणजे दात असलेलं एक कुत्रं असतं, एवढा पुढचा विचार मी केला नाही.

तरीही त्या रविवारी मी सांगणार होते. खरंच. तू सुई हातात धरून मोतीकडे बोट दाखवलंस, “हा पट्टेवाला. ह्याचं झालंय ना गं?” मी तोंड उघडलं आणि त्याच क्षणी आबा घोंगडी घेऊन पालाबाहेर आले. तुझ्या खांद्यावर माझी कावळी बघितली आणि मी म्हणाले, “झालंय.”

तू बॉक्स बंद केलास. त्यात नऊ डोस शिल्लक होते.

आता सोमवारचं सांगते. मी दूध केंद्रावर होते. मोती सकाळपासून गप्प होता, जबडा लोंबत होता, लाळ गळत होती, पाणी जिभेवरून परत पडत होतं. आबांना वाटलं, घशात हाडूक अडकलं. त्यांनी त्याचं तोंड फाकवून दोन बोटं आत घातली. आयुष्यभर त्यांनी कुत्र्यांची हाडकं अशीच काढली आहेत. दात बोटांना घासले.

दुपारी मी आले तेव्हा त्यांनी बोटांना चुना लावून चिंधी बांधली होती. मी चिंधी सोडली आणि तू शिकवलं होतंस तसं साबणाने, वाहत्या पाण्याखाली धुतलं. प्यायचा हंडा ओतला. आई ओरडली, “टँकर उद्या हाय, समदं पानी वतलंस!” आबा मला हसले. म्हणाले, “कावून एवढी घाबरतीस? मोतीला टोचलंय की. तूच तर सांगितलंस डाक्टरीनबाईला.”

केशे, आबा तिथेच उभे होते त्या दिवशी. त्यांना माहीत होतं की हा मोती नवा आहे. पण मी ‘झालंय’ म्हटलं म्हणजे कधीतरी संस्थेतून करून घेतलं असेल, असं त्यांनी धरलं. मला उलटं विचारावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. मी काय शिकले, सभेत काय वाचलं, याची त्यांना कदर नाही म्हणून मी इतके दिवस जळत होते. आणि ते माझ्या एका शब्दावर विसंबून पिसाळलेल्या कुत्र्याच्या तोंडात हात घालून बसले.

त्या संध्याकाळीही मी बोलले नाही. हेही लिहायला हवं. मी स्वतःला सांगत होते, हाडूकच असेल.

मंगळवारी उजाडता मोतीने आपल्या साखळीला चावे घेतले, दोन मेंढ्यांना दात लावले. त्याच्या भुंकण्याचा आवाज बदलला होता. मी आबांच्या समोर जाऊन बसले. “आबा, मोतीला टोचलेलं न्हाई. मी खोटं बोलले.”

त्यांनी चपला घातल्या. “चल मग.”

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, जखम बोटावर आहे, धुतली ते चांगलं केलं, एक दिवस उशीर झाला. सगळी इंजेक्शनं पुरी करा आणि मग वाट बघायची. किती? ते म्हणाले, महिने. केशे, तू हे सगळं शिकली आहेस, तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मला धीर द्यायला काही लिहू नकोस. खरं असेल ते लिही.

परतताना एसटीत आबांनी विचारलं, “कावून केलंस?” मी घोंगडीचं सांगितलं. एवढ्या गर्दीत, रडत. त्यांना समजेचना. मग म्हणाले, “येडी का खुळी तू? घोंगडी पाव्हन्याला पांघरतेत. तू काय पाव्हनी हायेस व्हय?” आणि पोटावर हात धरून खिडकीबाहेर बघत बसले. शेजारची एक कडूबाई नावाची म्हातारी मला म्हणाली, “रडू नगं बाई, चौदा सुया माझ्या भावानं बी घेतल्यात, बैलावानी हाय.” तिचे पाय धरावेसे वाटले.

एवढ्यावर थांबलं असतं तर हे पत्र इतकं लांबलं नसतं. परवा शुक्रवारी विठ्ठलरावांनी सभा घेतली. सगळे आले. जे माझा कागद ऐकताना तंबाखू मळत होते तेही. विठ्ठलराव म्हणाले, “सारजाचंच खरं ठरलं. दर साली टोचायचं म्हनत होती पोरगी, आपन तिचं ऐकलं न्हाई. त्या डाक्टरनीच्या तीन सालानं धुळाजीचा जीव टांगनीला लागला.” बद्रीनाथकाका म्हणाले, “तवाच म्या म्हनत होतो.” ते काहीच म्हणत नव्हते. ठरलं असं की तुझ्याविरुद्ध संघाकडे तक्रार करायची आणि तुला कामावरून काढा म्हणून लिहायचं. लिहिणार कोण? सचिव.

लोकांनी मला बोल म्हटलं. मी उठले. सगळे माझ्याकडे बघत होते, एकजण चुना-तंबाखू हातात तसाच धरून थांबला होता. आयुष्यात पहिल्यांदा. आणि मी बोलले नाही. म्हणाले, “लिहिते.”

घरी येऊन लिहायला बसले. ‘डॉ. केशर यांच्या चुकीच्या व बेजबाबदार सल्ल्यामुळे’ असं वाक्य लिहिलं. अक्षर सुंदर येत होतं. अर्धं पान होईपर्यंत मला बरं वाटलं, केशे. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगणार?

आबा बाहेर बाजेवर कुशीवर पडले होते. पोट सुजतं, सरळ झोपता येत नाही. म्हणाले, “काय लिव्हायलीस? वाचून दाखीव.” मी वाचलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

“ह्यात माझं नाव हाय?”

“हाय.”

“डाक्टरीनबाईचं?”

“हाय.”

“तुझं?”

मी कागदाची घडी घातली.

“मंग फाड ते.”

फाडलं. दुसरं लिहिलं, ते काल संघाला रजिस्टरने गेलं. त्याची प्रत या पाकिटात आहे. विठ्ठलरावांना आणि म्हाळूमामांना मी ते आज सकाळी वाचून दाखवलं. विठ्ठलराव उठून गेले. म्हाळूमामा मात्र बसून राहिले. त्यांच्या वाड्यावरचा बावीस नंबरही बदललेला आहे, ते त्यांनी तिथंच कबूल केलं. दोन दिवस मी सगळे वाडे फिरले. पट्टे पाहिले नाहीत. प्रत्येकाला विचारलं, हे कुत्रं कुठल्या साली जन्मलं? एकसष्टातली चौदा नवी निघाली. एक आमचं गेलं, उरली तेरा. शिल्लक नऊ डोस फ्रीजमध्ये आहेत, बर्फ मी धरून आहे. आणखी चार घेऊन ये. त्या दोन मेंढ्या वेगळ्या बांधल्या आहेत, त्यांचंही बघ. लवकर ये, केशे. मी सचिव राहिले असेन की नाही माहीत नाही, पण कुत्री धरायला असेन.

आणि तीन वर्षांचंच ठेवू. तुझं बरोबर होतं. फक्त दर साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, प्रत्येक वाड्यावर जाऊन मी कुत्र्यांची तोंडं बघेन. दरवर्षी काहीतरी करायचं, एवढं माझंही राहू दे.

घोंगडी परत पाठवायचा विचार तुझ्या मनात येईल, मी तुला ओळखते. पाठवू नकोस. आबांनी दिली आहे. मला अजून वाईट वाटतं, खोटं कशाला लिहू? तू ती पांघरून झोपत असशील असं आठवलं की अजून झोंबतं. पण आता त्याच्या मागोमाग त्या साखळीचा आवाज येतो.

मोतीला आम्ही पाटीभर चुना घालून खोल पुरलं. आबा पट्टा काढायला वाकले, तेव्हा मी त्यांचा हात धरला. ते थांबले. मग म्हणाले, “ऱ्हाऊ दे.” सतरा नंबर त्याच्याबरोबर गेला. काल सटवाकाकांनी त्यांच्या कुत्रीचं एक पिल्लू आणून दिलं आहे. पांढरं आहे, पालाच्या दारात झोपतं. आईला ते बघवत नाही, ती त्याच्या गळ्यात बांधायला कासरा घेऊन येते आणि आबा तिला माघारी पाठवतात.

तू येईपर्यंत त्याचा गळा मोकळा आहे.

उद्या सातवं.

तुझ्यावर जळून स्वतःच्या घराला आग लावलेली,
सारजा